मैनेच्या शेपटीचा केस

लोणावळा स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची, तेव्हा सगळ्यात मागचा टांगा अल्लाउद्दीनचा असे. त्याची घोडी काही मरतुकडी नव्हती, पण हा माणूसच गिऱ्हाइकावर झडप घालण्यातला नव्हता. मुंबईची गाडी आली की बाकीचे टांगेवाले शेटलोकांच्या ट्रंकांवर तुटून पडत आणि हा मैनेच्या, म्हणजे त्याच्या घोडीच्या, मानेवरून हात फिरवत उभा. उरलंसुरलं गिऱ्हाईक त्याच्या वाट्याला येई. पुढे भाड्याच्या मोटारी आल्या आणि उरलंसुरलंही येईनासं झालं. घोडी विकून टाक, असा सल्ला त्याला बाजारातल्या प्रत्येकाने दिला आणि त्याने तो प्रत्येकाकडून मान हलवून ऐकून घेतला. घोडी मात्र विकली नाही.

अशा माणसाला माझ्या भावाने सशांवर नेमलं, १९३८ सालच्या दिवाळीनंतर.

माझा भाऊ सरकारी डॉक्टर होता. वहिनी छातीच्या कॅन्सरने गेली आणि त्याचं नोकरीवरचं मन उडालं. लवकर निवृत्ती घेऊन त्याने वळवणच्या रस्त्याला एक जुना बंगला घेतला, मागच्या तबेल्यात पिंजरे ठोकले आणि ससे पाळायला घेतले. मी मुक्ता, त्याची धाकटी बहीण. पंचविसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं तेव्हापासून मी त्याच्याच घरी. माझं अक्षर बरं म्हणून सशांची वही माझ्याकडे आली. बाजारात बोलवा अशी उठली, की डॉक्टरला सशाच्या मटणाची चटक लागली आहे. एक खाटीक तर बकऱ्यांपेक्षा स्वस्त पडतील का, हे विचारायला दारात आला होता. दादाने त्याला बसवून अर्धा तास व्हायरस समजावून सांगितला. तो पुन्हा आला नाही.

खरी गोष्ट अशी होती. अमेरिकेतल्या रानसशांच्या अंगावर काळ्या, शिंगांसारख्या चामखिळी उगवतात. त्या कुटून त्यांचा रस अशा बारीक गाळणीतून गाळला की एकही जंतू पलीकडे जाऊ नये, तरी तो रस दुसऱ्या सशाच्या खरवडलेल्या कातडीवर चोळला की तिथे चामखीळ येते. जंतूहूनही बारीक असं काहीतरी त्या रसात असतं. पाळीव सशात ही चामखीळ सहा महिन्यांनी, वर्षाने बिघडते, मांसात खोल उतरते आणि तिचा कॅन्सर होतो. तिकडच्या डॉक्टरांनी हे तीन-चार वर्षांपूर्वीच छापलं होतं. त्यात आणखी एक ओळ होती आणि दादाचा जीव त्या ओळीत अडकला होता. थोड्या सशांच्या चामखिळी कुणी हात न लावताच सुकून झडून जातात. का जातात, ते कळलं तर पुढचं किती काय कळेल, असं तो जेवताना, चहा पिताना, अगदी दाढी करतानाही बोलत असे. त्याच्याबरोबर शिकलेला एक जण तिकडे प्रयोगशाळेत होता. त्याने ग्लिसरीनमध्ये बुडवलेल्या चामखिळींची एक छोटी बाटली पाठवली. आमच्या घरात त्या बाटलीला देवापेक्षा जास्त जपत. पुण्याहून रेल्वेने भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी येई, ती त्या बाटलीसाठी. मला कधी सरबतापुरताही खडा मिळाला नाही.

अल्लाउद्दीन या कामाला किती लागू पडला, हे मी सांगते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात माणसाच्या चपलांना बुरशी चढते, तिथे सशांची काय कथा. पहिल्या वर्षी ओलीने त्यांची पोटं सुटली आणि पटापट मेले. हा आल्यावर तबेल्यात दोन शेगड्या धुमसत राहू लागल्या, गवत चुलीवरच्या शिंक्यात वाळवून मगच पिंजऱ्यात जाऊ लागलं. पाथरीची भाजी ससे मिटक्या मारत खातात म्हणून तो तुंगार्लीपर्यंत पायी जाऊन ती खुडून आणायचा. दादाने सशांना नंबर दिले होते, कानात पत्र्याचे बिल्ले होते. अल्लाउद्दीनने नावं दिली, तीही आपल्या जुन्या टांग्यातल्या गिऱ्हाइकांची. एक गलेलठ्ठ पांढरी मादी होती, ती पारशीण. सतत नाक उडवणारा मामलेदार. आणि एक भित्रा, करडा ससा होता, त्याला तो गार्डसाहेब म्हणे. दादा सात नंबर म्हणाला की हा पारशिणीला घेऊन येई. दोघांचं कधी चुकलं नाही.

मैनाही आमच्याकडेच आली. तबेल्याच्या मागे आंब्याला बांधलेली असायची. सशांनी टाकलेलं गवत खायची आणि उभ्या उभ्या झोपायची.

आता त्या केसाचं सांगायला हवं. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, रोज थोडा आवळायचा, की ती सुकून गळून पडते, हे आमच्या मावळात कुणाला शिकवावं लागत नाही. टांगेवाल्यांकडे लोक केस मागायला येतच. पण केस आणणं वेगळं आणि बांधणं वेगळं. मांसात रुतला पाहिजे, कातडी कापता कामा नये, आणि फास सुटता कामा नये. अल्लाउद्दीनची बोटं लगाम धरून धरून लाकडासारखी झालेली, त्यामुळे तो केस उपटून आणायचा आणि बांधायची त्याची बायको. उम्मेहानी परंदवडीकडची. उंच, सावळी, कमी बोलणारी, तोंडात कायम तंबाखूची चिमूट. माझ्या मनगटावर चामखीळ होती, ती तिनेच मैनेच्या केसाने घालवली. बांधताना ती श्वास रोखून धरे, ते मला अजून आठवतं. दादाला मी हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरच्या बहिणीने असले उपाय करावेत, हे त्याला रुचलं नसतं.

पहिल्या खेपेचे ससे वाया गेले. वीसच्या वीस सशांच्या चामखिळी वाढत गेल्या, बिघडल्या, दादाने त्यांचे काप काढून काचेवर घेतले. आपोआप एकही झडली नाही. १९४१च्या पावसाळ्यानंतर बाटलीत उरलं होतं तेवढं सगळं घालून त्याने चौदा ससे नव्याने खरवडले. पारशीण, मामलेदार आणि गार्डसाहेब यांतलेच. युद्धामुळे दुसरी बाटली येण्याची आशा नव्हती. दादा साठीला आला होता. या चौदांत काही दिसलं नाही तर संपलं, असं तो स्वतःच म्हणाला.

त्याच थंडीत, मार्गशीर्षाच्या सुमाराला, उम्मेहानीला घेऊन अल्लाउद्दीन मागच्या दाराने आला. तिला तिखट सोसत नव्हतं. दादाने उजेडात तिचं तोंड उघडून बघितलं. तंबाखू ठेवायची त्याच बाजूला, गालाच्या आतून, चवलीच्या नाण्याएवढा पांढरट चट्टा आणि मधोमध चिरलेला. दादाने बोट आत घालून चट्ट्याची कड दाबून बघितली आणि हात धुवायला उठला. पाणी ओतताना माझ्याकडे न बघता त्याने मला हळूच सांगितलं, की हा तोच रोग आहे, पण अजून लहान आहे. अल्लाउद्दीनला त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. मुंबईला नवं रुग्णालय निघालं आहे, तिथे रेडियमच्या सुया लावतात, महिन्याभरात घेऊन जा, मी चिठ्ठी देतो.

चिठ्ठी दिली. ती अल्लाउद्दीनच्या फेट्यात राहिली.

आज कुणीही म्हणेल, गेले का नाहीत. तेव्हाचं लोणावळं बघायला हवं होतं. जपानी विमानं मुंबईवर बाँब टाकणार म्हणून सबंध मुंबई घाट चढून वर येत होती. धर्मशाळा भरल्या, बंगल्यांच्या ओसऱ्या भरल्या, लोक प्लॅटफॉर्मवर चुली मांडून बसले. त्यांना पाठ दाखवून उलट मुंबईला जायचं? शिवाय उम्मेहानीची थोरली बहीण पोटाच्या दुखण्याने इस्पितळात गेली होती, तिची मयतच घरी आली. ही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. तरी अल्लाउद्दीनने तिला होळीच्या आत न्यायचं पक्कं केलं होतं. मैनेला पंधरा दिवस कोण बघेल, हेसुद्धा ठरवून झालं होतं.

माघात मी तळेगावला गेले. पुतणीचं लग्न होतं. चार दिवसांचे पंधरा झाले, कारण मला खरोखर परतायची घाई नव्हती. मांडवात मला कुणी पुढे बोलावत नसलं तरी तिथे माणसं होती, हसणं होतं. इथे ससे होते. दादाला इकडे हिवतापाने धरलं आणि तो खोलीतून बाहेर पडला नाही. तबेला पंधरा दिवस एकट्या अल्लाउद्दीनच्या हाती होता.

सशांना त्या शिंगांचा त्रास होतो. मागच्या पायाने खाजवतात, रक्त काढतात, मग माश्या बसतात. पारशिणीच्या पाठीवरची चामखीळ तळाशी निमुळती होती, मामलेदाराची आणि गार्डसाहेबाचीही तशीच. बाकीच्या अकरांच्या चामखिळी चपट्या, पसरलेल्या. पारशिणीने खाणं सोडलं तेव्हा अल्लाउद्दीनने मैनेच्या शेपटीचे तीन केस उपटले आणि बायकोला बोलावून आणलं. घरच्या शेळीला त्याने हेच केलं असतं. माणसांना करत होताच. यात काही लपवण्यासारखं आहे, असं त्याच्या मनाला शिवलंही नाही.

मी परत आले तेव्हा तिघांच्या पाठी साफ होत्या. नवी गुलाबी कातडी आली होती.

वहीतल्या पंधरा दिवसांच्या ओळी कोऱ्या होत्या. प्रत्येक ओळीत शेवटी एक रकाना होता: सशाला कुणी हात लावला का, कसलं औषध, कसला उपाय झाला का. माझा शेवटचा शेरा होता 'काही नाही.' मी पेन उचललं आणि त्याच्याखाली पंधरा वेळा 'वरीलप्रमाणे' लिहिलं. अल्लाउद्दीन दहा पावलांवर पाथरी निवडत बसला होता. मी त्याला हाक मारून विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या मनगटावर त्या केसाचा पांढरा वण होता, आणि मी विचारलं नाही.

दादा तापातून उठून काठी टेकत तबेल्यात आला. पारशिणीची पाठ त्याने भिंगातून बघितली, मग माझी वही बघितली, आणि मग चक्क जमिनीवर बसला. वहिनी गेल्यापासून मी त्याला असा हसताना बघितला नव्हता. कुणी हात न लावता झडल्या, चौदात तीन झडल्या, असं तो दोन-तीनदा म्हणाला. अल्लाउद्दीनला त्याने जवळ बोलावलं आणि सांगितलं, की या तिघांच्या रक्तात रोगाला हरवणारं काहीतरी तयार झालं आहे.

अल्लाउद्दीनने विचारलं, "मानसाला लागू पडंल का साहेब?"

जूनपर्यंत पहिला अंदाज येईल, असं दादा म्हणाला. या तिघांच्या रक्तातलं पाणी बाकीच्या अकरा सशांना टोचायचं आणि बघायचं. तेव्हापासून दर आठवड्याला दादा पारशिणीच्या कानाच्या शिरेतून सुईने रक्त घेई आणि अल्लाउद्दीन तिला गोणपाटात गुंडाळून धरे. त्याला वाटत होतं, सुईने औषध आत जातंय. वरची चामखीळ आपल्या केसाने पडली हे तो जाणून होता, पण आतला रोग साहेबांच्या सुईने जातोय, असा त्याचा सरळ हिशेब होता. रक्त तपासायला दादा सुरुवातीपासूनच अधूनमधून सशांना सुया टोचत असे, त्यामुळे त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आणि साहेब रोज भिंगातून बघतात, त्यांना केसाचा वण दिसला नसेल, असं त्याला कसं वाटावं.

होळी आली. दादाने एकदा विचारलं, मुंबईचं काय झालं. जाऊ की साहेब, असं तो म्हणाला, आणि दादा पुन्हा काचेवर डोळा लावून बसला. उम्मेहानीने मात्र मला विचारलं, विहिरीवर, धुणं धूत असताना. जूनपर्यंत इथंच औषध निघणार असेल तर तोवर थांबलं तर चालेल का? तिच्या गालाला तेव्हा बाहेरून थोडी सूज दिसू लागली होती. मी म्हणाले, थांबा की, दादाचं आता होतच आलंय. मी हे प्रेमाने म्हणाले. तिच्या चेहऱ्यावरची भीती मला बघवत नव्हती. पण माणसाला प्रेमाने खड्ड्यात ढकललं तरी खड्डा खड्डाच असतो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग धुणं पिळू लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पारशिणीच्या पाठीवर, नेमक्या त्याच जागी, राखाडी ठिपके वर आले. आठवड्याभरात मामलेदाराला आले, मग गार्डसाहेबाला. टोचलेल्या अकरा सशांना काडीचा फरक पडला नव्हता. दादा पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून होता, मी वही घेऊन मागे उभी. अल्लाउद्दीनला ते बघवेना. तो येऊन उकिडवा बसला आणि अगदी धीर देण्याच्या सुरात म्हणाला,

"साहेब, केस मुळाशी बसला न्हाई. मैनेचा केस आता पयल्यासारका चिवट ऱ्हायला न्हाई. मी दुसऱ्या घोड्याचा आनतो."

"कसला केस?" दादाने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. कधी, कसा, कुणी बांधला, कोणत्या दिवशी कोणाची चामखीळ पडली, सगळं बिनचूक. ती वही त्याने लिहिली असती तर बरं झालं असतं.

दादाने माझ्याकडे हात केला. मी वही दिली. त्याने पानं उलटली, त्या पंधरा ओळींवरून बोट फिरवलं आणि वही मला परत केली. त्याने मला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. मग तो अल्लाउद्दीनकडे वळला आणि म्हणाला, की उम्मेहानीबाईंना आजच्या गाडीने मुंबईला न्यायचं, मी बरोबर येतो.

अल्लाउद्दीनला पहिल्यांदा काही उमगलं नाही. औषध तयार होतंय म्हणताना मुंबई कशाला, असं त्याने विचारलं. दादाने त्याला समोर बसवलं. सुईने औषध दिलं जात नव्हतं, मी रक्त काढून घेत होतो. रक्तात काही नव्हतं. चामखिळी पडल्या त्या तुझ्या केसाने पडल्या, आणि केसाने मूळ जात नाही. दादा हे सांगत होता आणि मी अल्लाउद्दीनच्या हातांकडे बघत होते. त्याच्या हातात पाथरीची जुडी होती. ती त्याने खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"म्हंजी आमी चार म्हैने केसाच्या भरवशावर काढले," तो म्हणाला.

मी आत गेले आणि कोठीच्या खोलीत उभी राहून रडले. त्याचं कुणाला काही भलं झालं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. रोग जबड्याच्या हाडात उतरला होता, गळ्यात अवधाणाच्या गाठी आल्या होत्या. थंडीत आणलं असतं तर सुया लावता आल्या असत्या, असं त्यांनी दादाला सांगितलं आणि दादाने ते मला सांगितलं. अल्लाउद्दीनला ते इंग्रजी कळलं नव्हतं. पण दादाचा चेहरा त्याला वाचता येत होता.

तो पावसाळा मी कधी विसरणार नाही. दादा रोज छत्री घेऊन त्यांच्या घरी जाई आणि जखम धुऊन येई. मी पेज घेऊन जाई. आधी ती चमच्याने घेई, मग कापसाच्या बोळ्याने. वास येई म्हणून ती मला दाराशीच थांब म्हणून खुणावे, आणि मी आत जाऊन बसे. अल्लाउद्दीन सकाळ-संध्याकाळ सशांचं करून जायचाच. दादा नको म्हणाला, तरी यायचा. शेगड्या पेटवायचा, गवत वाळवायचा, पण नावाने कुणाला हाक मारत नव्हता. मलाच सात नंबर, नऊ नंबर म्हणून सांगू लागला.

रमजान लागला तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती. एका दुपारी अल्लाउद्दीन मशिदीत गेला होता आणि मी एकटीच होते. तिने माझं मनगट धरलं, त्या पांढऱ्या वणावर अंगठा ठेवला आणि बोलली. शब्द नीट उमटत नव्हते, अर्ध्या जिभेचे होते, पण मला सगळे कळले.

"बाई, सशांची गाठ मीच मारली व्हती. मला ठावं व्हतं, केसानंच पडल्यात. सुईबिईचं काय नव्हतं. पर डाक्तरसाहेब हसले, आन ह्ये घरी यून लहान पोरागत नाचले. टांगा गेला तवापास्नं हसले नव्हते. म्या म्हनलं, बोलले तर ह्यांचं ह्ये बी काम जाईल. ऱ्हाऊ दे."

मी तिला विचारलं, मग विहिरीवर मला का विचारलंत?

"तुमी जा म्हनला असता तर गेले असते," ती म्हणाली.

मग तिने दाराकडे बघितलं. त्यांना सांगू नका, एवढं ती म्हणाली, आणि मी सांगणार नाही असं कबूल करेपर्यंत मनगट सोडलं नाही.

विसाव्या रोजाला ती गेली. दफन करून आल्यावर चौथ्या दिवशी अल्लाउद्दीन कामावर आला. पारशिणीची चामखीळ तोवर बिघडली होती आणि दादाने ठरवलं होतं, की आता उरलेल्या सशांचे हाल थांबवायचे. क्लोरोफॉर्मचा बोळा दादाने धरला, ससे अल्लाउद्दीनने धरले. पारशिणीची वेळ आली तेव्हा त्याने तिला गोणपाटात गुंडाळलं नाही, मांडीवर घेतलं. झाल्यावर पिंजरे धुऊन उन्हात पालथे घातले. दादाने त्याला बंगल्यावरच ठेवून घेतलं. आंब्याखाली म्हातारी घोडी आणि तिच्या शेजारी म्हातारा होत चाललेला माणूस, असं ते चित्र पुढे दोन वर्षं आमच्या खिडकीतून दिसत असे.

पिंजरे धुतले त्या दिवशी मी वही घेऊन ओट्यावर बसले होते. पंधरा 'वरीलप्रमाणे' मी एकेक करून खोडले आणि त्यांच्या जागी खरं ते लिहिलं: ससा सात, नऊ आणि बारा, चामखिळीला घोड्याचा केस बांधला. नोंद ठेवणारी पंधरा दिवस हजर नव्हती, तिने न विचारता लिहिलं. दादाने ते वाचून खाली सही केली. तीन चामखिळी आपोआप झडल्याचं कळवणारं, अमेरिकेला पाठवायला लिहून ठेवलेलं पत्र त्याने त्याच वहीत घडी करून ठेवलं.

अल्लाउद्दीन हात पुसत आला आणि पायरीवर बसला. मी काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्याने मान हलवली. मग मैनेकडे बघत, न वळता तो म्हणाला,

"बाई, येक इचारतो. तिला बी माझ्यासारकंच वाटलं असंल न्हवं? साहेबांच्या सुईनंच गेलं म्हून? तिला ठावं असतं तर ती बोलली असती. न्हाई का?"

वही माझ्या मांडीवर उघडीच होती. शाई अजून ओली होती.

"हो," मी म्हणाले. "त्यांनाही तसंच वाटत होतं. मला विहिरीवर तसं बोलल्याही होत्या."

त्याने एक मोठा सुस्कारा सोडला, उठला आणि घोडीला पाणी दाखवायला गेला. खोट्या पंधरा ओळी मी खोडल्या. ही सोळावी. ती कुठे लिहिलेली नव्हती, आणि अल्लाउद्दीन असेपर्यंत मी ती खोडली नाही.